नट्टूकाका : एका दुय्यम नटाची आठवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणा थोर व्यक्तीवर एकीने बोलावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. जिजाबाई झाल्या, अहल्याबाई झाल्या. महाराणी चिमणाबाईंवर तर दोनदा भाषणे झाली, आणि आपण बडोद्याच्या, तेव्हा ती व्हावयासच हवी होती. यंदा माझी पाळी आली. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मी नट्टूकाकांवर बोलणार." त्यांना वाटले, मी थट्टा करते आहे. मग म्हणाल्या, "अहो, पण ते तर टीव्हीवरचे नोकर!" मी म्हटले, म्हणूनच. थोरांवर बोलणारे पुष्कळ आहेत. दुकानातल्या नोकरावर बोलायला कोणी उठत नाही.

'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका आपल्यापैकी कोणी पाहिली नाही असे होणार नाही. २८ जुलै २००८ रोजी ती सुरू झाली. तिचे मूळ तारक मेहता यांच्या लिखाणात. 'चित्रलेखा' ह्या गुजराती साप्ताहिकात त्यांचे 'दुनियाने ऊंधा चश्मा' हे सदर १९७१ साली सुरू झाले, आणि आपल्या शेजारच्या गुजराती घरांतून तो अंक हातोहात फिरत असे. मालिकेतली ती गोकुलधाम सोसायटी, तेथले निरनिराळ्या प्रांतांचे लोक, त्यांची भांडणे आणि गरबे आपल्या परिचयाचे आहेत. मराठी घरांतून ही मालिका पाहिली जाई ती बहुतेक भिड्यांसाठी. शिकवण्या घेणारे, काटकसरी, सोसायटीचे 'एकमेव' चिटणीस आत्माराम तुकाराम भिडे आणि लोणची-पापड विकणाऱ्या त्यांच्या माधवीबाई. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी ही कामे करीत आले, आणि चांगली करीत आले. त्यांच्याविषयी बोलायला माझ्याखेरीज पुष्कळजणी इथे बसल्या आहेत, म्हणून मी त्यांना सोडून दुकानाकडे वळते.

जेठालाल गडा ह्यांचे विजेच्या उपकरणांचे दुकान. शेठजी उशिरा येतात, कुठल्या तरी संकटात सापडलेले असतात, आणि गल्ल्याजवळ एक म्हातारे गृहस्थ उभे असतात. हेच नट्टूकाका. पूर्ण नाव नटवरलाल प्रभाशंकर उंढाईवाला. जोडीला पुतण्या बाघा. काकांना एक बोलले तर दुसरेच ऐकू येते. इंग्रजी बोलण्याची हौस दांडगी, आणि चुकीचा शब्द इतक्या ऐटीने ठेवून देतील की बरोबर बोलणाऱ्यालाच आपल्या शब्दाची शंका यावी. आणि अधूनमधून, शेठजींचा चेहरा जरा खुलला असे पाहून, हळूच विचारतात की शेठजी, माझा पगार कधी वाढवणार?

पगार हा शब्द गुजरातीतही तोच आणि मराठीतही तोच. दोन्हीकडे तो सारखाच अडतो!

शेठजी ह्या प्रश्नावर कधी चिडत, कधी विषय बदलीत, कधी पुतण्यालाच ओरडत. पगार काही वाढत नसे. काका मान हलवून पुन्हा कामाला लागत. वर्षानुवर्षे हा एकच विनोद. तो शिळा का होत नसे, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि त्याचे कारण मला माझ्या घरातच सापडले.

आमच्या ह्यांनी शहरातल्या एका कापडाच्या पेढीवर एकतीस वर्षे हिशेब लिहिला. पेढीचे नाव सांगण्याचे कारण नाही. माणसे वाईट नव्हती. दिवाळीला मिठाईचा डबा आणि बोनस हातावर ठेवीत, घरच्यांची विचारपूस करीत. पण पगार वाढायचा तो शेठच्या मनात येईल तेव्हा. मुलाच्या कॉलेजची फी भरावयाची होती त्या वर्षी मी ह्यांना म्हटले, "एकदा विचारा तरी." म्हणाले, "बघू." ते 'बघू' आमच्या घरात बरीच वर्षे मुक्कामाला होते. मी शिवणाचे मशीन घेतले ते त्याच सुमारास, आणि तुमच्यापैकी कितीजणींच्या पोलक्यांना माझे हात लागले आहेत हे तुम्हांला ठाऊकच आहे. पुढे हे निवृत्त झाले. रात्री साडेआठला आमचे जेवण आणि मालिका एकदमच असत. नट्टूकाकांनी पगाराची गोष्ट काढली की ह्यांचा घास हातातच राही. सारे घर हसे, हेही हसत, पण एकदा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हा मागतो तरी."

मी त्या दिवसापासून नट्टूकाकांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. हा नट कोण, कुठला, म्हणून चौकशी केली, आणि जे समजले ते आपणांपुढे ठेवते.

त्यांचे खरे नाव घनश्याम नायक. जन्म १९४४ सालचा, उत्तर गुजरातेतल्या मेहसाणा जिल्ह्यातला. गावाचे नाव उंढाई. म्हणजे मालिकेतल्या नोकराला त्यांनी स्वतःच्या गावाचे आडनाव दिले होते की काय! घराणे भवई करणाऱ्यांचे. आता आपण गुजरातेत राहूनही भवई क्वचितच पाहिलेली असते, म्हणून थोडे सांगते. आपला तमाशा जसा, तशी ही भवई. आरंभी गणपतीचा वेश येतो, अंबामातेचे स्तवन होते, भुंगळ म्हणून तांब्याची एक लांबलचक तुतारी असते ती फुंकतात, आणि गावाच्या चौकात, मंदिराच्या पुढ्यात, रात्र-रात्र एकामागून एक 'वेश' चालतात. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. ह्यात आपल्या सोंगाड्यासारखा एक असतो, त्याचे नाव रंगलो. मोठमोठ्यांची टोपी उडवावी, राजालाही चिमटा काढावा, आणि मार मात्र आपण खावा, हे त्याचे काम. घनश्याम नायक लहानपणापासून ह्या परंपरेत वाढले, आणि रंगलो म्हणून त्यांचे नाव झाले.

ह्या भवईच्या जन्माची एक कथा आहे, आणि आपण स्त्रिया असल्यामुळे ती आपणांस माहीत असावी असे मला वाटते. चौदाव्या शतकात असाइत ठाकर म्हणून एक ब्राह्मण कथेकरी होता. परंपरा अशी सांगते की, ऊंझा गावच्या पटेलाची मुलगी गंगा हिला एका सरदाराने पकडून नेले. असाइत तेथे गेला आणि म्हणाला, ही माझी मुलगी आहे, सोडा. सरदार म्हणाला, तुझी मुलगी असेल तर तिच्यासह एका ताटात जेवून दाखव. त्या काळी ब्राह्मणाने दुसऱ्या जातीच्या मुलीबरोबर एका ताटात जेवणे म्हणजे काय, हे आपल्या आजीला विचारले असते तर तिने सांगितले असते. असाइत जेवला. मुलगी सुटली. आणि जातीने त्याला वाळीत टाकले. मग तो मुलांना घेऊन ऊंझ्याला येऊन राहिला, आणि पोटासाठी व लोकांसाठी वेश रचून करू लागला. भवई करणारे नायक लोक स्वतःला त्याच्या परंपरेतले मानतात. कथा किती खरी आणि किती रचलेली ते विद्वानांनी पाहावे. पण हसवण्याचा धंदा करणाऱ्यांनी आपल्या मूळपुरुषाची आठवण म्हणून एका मुलीच्या सुटकेची कथा सहा शतके जपून ठेवली, हे मला फार मोठे वाटते.

तर अशा घरातला हा मुलगा मुंबईस आला. १९६० सालच्या 'मासूम' ह्या हिंदी चित्रपटात त्यांनी बालनट म्हणून काम केले. त्यानंतर गुजराती नाटके, गुजराती चित्रपट, हिंदी चित्रपट, मालिका. शंभरावर चित्रपट झाले, पण ह्यांत त्यांना ओळखायचे तर बारकाईने पाहावे लागते. १९९९ सालच्या 'हम दिल दे चुके सनम' मध्ये घरातले विठ्ठलकाका आहेत, ते हेच. मी तो चित्रपट दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा माझे लक्ष साड्यांकडे होते, हे प्रामाणिकपणे सांगते. पुढे नट्टूकाका म्हणून ओळख झाल्यावर तिसऱ्यांदा पाहिला, तेव्हा म्हटले, अगबाई, हे इथेही होते!

पैशाची गोष्ट त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितली आहे. चोवीस-चोवीस तास काम करून तीन रुपये हातात पडत. पुष्कळदा काम झाल्यावर पैसेच मिळत नसत. घरभाडे आणि मुलांची फी भरण्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागे. आणि जिच्यामुळे घरात खरी बरकत आली, मुंबईसारख्या शहरात स्वतःचे घर झाले, ती मालिका त्यांना मिळाली तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. चौसष्ट, भगिनींनो! आपल्यात चौसष्टाव्या वर्षी बाई हाताच्या बांगड्या सुनांना वाटून टाकावयाचा विचार करू लागते.

म्हणजे पहा, पगार वाढवा म्हणून जो माणूस पडद्यावर हात जोडत होता, त्याने खऱ्या आयुष्यात पगार ही वस्तू चाळीस-पंचेचाळीस वर्षे दुरूनच पाहिलेली होती. मला वाटते, म्हणून त्या मागण्यात कुठे रडगाणे नव्हते आणि कुठे लाचारीही नव्हती. मागावयाचे, नाही मिळाले तर पंख्याचे खोके उचलून गिऱ्हाइकाला दाखवावयाचे. रडून सांगितले असते तर आमच्या ह्यांनी टीव्ही बंद केला असता.

आता थोडे नटाच्या कसबाविषयी. दुय्यम भूमिका म्हणजे सोपी भूमिका, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. दिलीप जोशी हे मोठे नट. जेठालालचा वैताग त्यांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा असतो. पण वैताग हा हवेत येत नाही. तो आणून द्यावा लागतो. शेठजी घाईत आहेत, आणि काका सावकाश काहीतरी भलतेच सांगू लागतात. ही सावकाशी मोजलेली असते. एक शब्द लवकर टाकला तर शेठजींना चिडायला जागा राहत नाही, एक शब्द उशिरा टाकला तर प्रेक्षकाची हसण्याची वेळ निघून जाते. आणि हशा पिकला की तो शेठजींच्या नावावर जमा होतो. ज्याने पेरले तो बाजूला उभा राहून पुढच्या वाक्याची वाट पाहत असतो. हे रंगलोच्या शाळेत शिकलेले होते. चौकात, दिवट्यांच्या उजेडात, चोहोबाजूंनी लोक बसलेले असताना ज्याने हशा मोजायला शिकले, त्याला कॅमेऱ्यापुढे मोजणे कठीण नव्हते.

आपल्या मंडळाच्या नाटकाचे उदाहरण घेतले तर रागावू नका. दरवर्षी पात्रांची निवड होते. सासूच्या भूमिकेला पाचजणी, सुनेच्या भूमिकेला आठजणी, त्यांतल्या तिघी साठीच्या. मोलकरणीच्या भूमिकेला कोणी नाही. मग जी त्या दिवशी गैरहजर असेल तिच्या गळ्यात ती मारतात. ती बिचारी प्रयोगाच्या रात्री चहाचा ट्रे घेऊन येते, वाक्य विसरते, आणि सासूबाईंचे सगळे भाषण तेथेच कोसळते. नंतर सासूबाई आत येऊन रडतात.

पुढची गोष्ट २०२० सालची. करोनामुळे चित्रीकरणे बंद पडली, आणि मे महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने ती पुन्हा सुरू करण्याचे नियम काढले. त्यांत एक नियम असा की, पासष्ट वर्षांवरील कलावंतांनी कामावर येऊ नये. हेतू काळजीचाच असेल. पण ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याला घरी बसवणारी काळजी ही अजब काळजी होय. घनश्याम नायक तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. आम्हांला काम करू द्या, असे त्यांनी वर्तमानपत्रांतून उघड सांगितले. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली. (जाता जाता सांगते, त्याच काळात घराघरांतून पासष्टांवरच्या बायका तीन-तीन वेळा स्वयंपाक करीत होत्या. त्यांना घरी बसवण्याचा नियम कोणी काढला नाही, कारण त्या घरीच होत्या.)

न्यायालयाने दार उघडले, आणि शरीराने लावून घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली, आठ गाठी काढल्या. दुखणे कर्करोगाचे होते. २०२१ साली ते पुन्हा उलटले. उपचार चालू असतानाही ते मालिकेसाठी चित्रणाला उभे राहिले. शेवटच्या श्वासापर्यंत काम करावे, आणि मरण यावे ते तोंडाला रंग असताना यावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत ते वारले. वय सत्त्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात दूधवाला, शेजारच्या गुजराती काकी आणि मी, तिघेही त्याच विषयावर बोलत उभे होतो. काकी म्हणाल्या, "बेन, घरचा माणूस गेल्यासारखे वाटते." थोर नट गेला म्हणजे आपण म्हणतो, केवढी हानी झाली. घरचा माणूस गेला असे आपण कोणाला म्हणतो, हे तुम्हीच पहा.

मालिका थांबली नाही. तिचे तीन हजार भाग सप्टेंबर २०२० मध्येच झाले होते. एवढा गाडा एका माणसासाठी थांबत नाही. काही महिने दुकानातली ती जागा रिकामी राहिली. मग जून २०२२ मध्ये किरण भट्ट ह्या रंगभूमीवरच्या नटाला नट्टूकाका म्हणून आणले. पुष्कळांना ते रुचले नाही. आमच्या सुनेने तर मालिकाच सोडली. तिचे म्हणणे, माणूस गेला तर पात्रालाही जाऊ द्यावे, त्याच नावाने दुसरा उभा करणे हे बरे दिसत नाही. तिच्या म्हणण्यात प्रेम आहे, आणि मी तिच्याशी वाद घातला नाही. पण माझे मत निराळे आहे. भवईत रंगलो कधी मरत नाही. एक म्हातारा होतो, दुसरा तो वेश घेतो. कोणी म्हणत नाही की ह्याने त्याची जागा बळकावली. घनश्याम नायक स्वतः ज्या रंगलोला पाहून शिकले असतील, तोही कोणाच्या तरी मागून आलेला होता. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हशा मिळणार नाही, हे त्यालाही ठाऊक असणार. तरी तो गल्ल्याजवळ येऊन उभा राहिला, हे धाडसच म्हणावयाचे. इतके मात्र खरे की, मी स्वतः जुने भाग लागले तर ते पाहते. त्यांत काका अजून पगार मागतात, आणि शेठजी अजून टाळतात. आमचे हे आता त्या जागी हसून माझ्याकडे पाहतात, आणि मी त्यांच्या पानात आणखी भात वाढते.

माझा वेळ संपत आला, अध्यक्षबाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. एकच काम राहिले आहे. पुढल्या महिन्यात आपल्या नाटकाच्या तालमी सुरू होतील, आणि मोलकरणीची भूमिका अजून रिकामी आहे असे चिटणीसबाई म्हणाल्या. दोन प्रवेश, एकूण नऊ वाक्ये. ती मी घेतली आहे, माझे नाव लिहून टाकावे. सासूचे काम जी करील तिने मात्र तालमीला वेळेवर यावे, कारण माझी नऊच्या नऊ वाक्ये तिच्या तोंडाकडे पाहून टाकावयाची आहेत.